वैताग आणि निघणं

प्रश्न असा आला आहे: "सगळं जसं आहे तसं ठेवून एक दिवस निघून जावं, कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी नव्याने सुरुवात करावी, असं फार आतून वाटतं. जीव नकोसा झालाय असं नाही, उलट जगायचंच आहे. नुसता वैतागही नाही हा. या इच्छेला मराठीत एक शब्द आहे का? इंग्रजीत 'ड्रॅपेटोमेनिया' असा शब्द सापडला. त्याला 'पलायनेच्छा' हा प्रतिशब्द चालेल का?"

आधी त्या इंग्रजी शब्दाबद्दल सांगते, कारण तो मनाला लागतो. 'दुर्मीळ आणि सुंदर शब्द' अशा याद्या फिरत असतात, त्यांत हा हमखास असतो आणि अर्थ दिलेला असतो 'पळून जाण्याची अनावर ओढ'. कृपा करून हा शब्द आपलासा करू नका. सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरांनी तो अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात १८५१ साली घडवला. गुलाम मालकाला सोडून का पळतात, या प्रश्नावर त्यांनी तिथल्या वैद्यक संघटनेपुढे निबंध वाचला. त्यातलं उत्तर असं की हा एक मनोविकार आहे. ग्रीकमध्ये 'ड्रापेटेस' म्हणजे पळालेला गुलाम आणि 'मानिया' म्हणजे वेड. या 'रोगा'ला आळा घालायला त्यांनी सुचवलेल्या उपायांत चाबूकही होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५० मध्ये, पळून मुक्त राज्यांत पोचलेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याचा कडक कायदा झाला होता. कायद्याने पाय बांधले आणि या शब्दाने मन.

ज्या इच्छेबद्दल तुम्ही विचारताय तिचं सगळ्यात लखलखीत उदाहरण त्याच देशातलं, त्याच काळातलं आहे. फ्रेडरिक बेली नावाचा एक तरुण गुलाम १८३८ साली खलाशाचे कपडे घालून, एका स्वतंत्र खलाशाची कागदपत्रं खिशात ठेवून बाल्टिमोरहून आगगाडीत बसला आणि न्यूयॉर्कला पोचला. पुढे त्याने आडनाव बदललं. गुलामगिरीविरुद्ध लढणारा वक्ता आणि लेखक फ्रेडरिक डग्लस म्हणून जग त्याला ओळखतं. पळून जाणं, नवं गाव, नवं नाव, नवं आयुष्य, सगळं यात आलं. याला आजार ठरवणारा शब्द आपण स्वतःच्या इच्छेला कशाला लावायचा?

आता 'पलायनेच्छा'. समास म्हणून चूक काहीच नाही. 'पलायन' शब्दाची घडणही मोठी देखणी आहे. 'परा' हा उपसर्ग आणि 'अय्' म्हणजे जाणे हा धातू. या धातूशी जोडताना उपसर्गातल्या 'र'चा 'ल' होतो आणि एवढ्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिलं आहे. म्हणजे घडणीपुरतं पाहिलं तर अर्थ नुसता 'दूर जाणे'. पण मराठीत हा शब्द येतो तो रणांगणातून, जबाबदारीतून, वास्तवातून. 'पलायनवाद' म्हटलं की निकाल लागलेलाच असतो. ज्याने अजून पाऊलही उचललेलं नाही, त्याला हा शब्द आधीच पळपुटा ठरवतो.

इच्छावाचक शब्द घडवायची संस्कृतची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. ज्ञा वरून जिज्ञासा, पा वरून पिपासा, तशी गम् वरून 'जिगमिषा', म्हणजे जाण्याची इच्छा. अचूक आहे, पण कोणाच्या तोंडी नाही. भावनेने जास्त जवळची 'मुमुक्षा', सुटण्याची इच्छा. फरक एवढाच की मुमुक्षूला पुन्हा जन्मच नको असतो, आणि तुम्हाला तर याच जन्मात आणखी एक हवा आहे.

मराठीत पळण्याचे शब्द पोत्याने आहेत: पळ काढणे, धूम ठोकणे, काढता पाय घेणे. 'गाशा गुंडाळणे' मधला गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. 'परागंदा' फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ विखुरलेला, आपल्याकडे तो धाकाने बेपत्ता झालेला. 'पोबारा' तर फाशांच्या खेळातलं दान आहे, पव म्हणजे एक आणि वर बारा. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब फळफळणं, मराठीत तेच दान टाकून माणूस सटकतो. निसटणं हेच जिंकणं, असं कुणालातरी कधीतरी वाटलं असणार. मला हा शब्द म्हणूनच आवडतो.

पण हे सगळे शब्द मागे राहिलेल्यांचे आहेत. कोण गेलं, कसं गेलं, काय बुडवून गेलं, हे उंबऱ्याच्या आत उभं राहून सांगणारे. जाणाऱ्याच्या पोटात काय होतं ते यांतला एकही सांगत नाही. बायकांच्या बाबतीत तर भाषा आणखी कडक. 'तो घर सोडून गेला' म्हटलं की ऐकणारा विचारतो, का बरं? 'ती पळून गेली' म्हटलं की विचारतो, कोणाबरोबर? एकटीने, कोणाचाही हात न धरता, नुसतं स्वतःचं आयुष्य पुन्हा मांडायला बाई जाऊ शकते, ही शक्यता त्या वाक्यात मावतच नाही. तुमचं लेखन बाईच्या तोंडचं असेल तर 'पळून' हा शब्द फार जपून वापरा.

आता तुम्ही सहज बाजूला सारलेल्या शब्दाकडे वळते. "नुसता वैताग नाही," असं तुम्ही लिहिलंय. आजच्या अर्थाने बरोबर आहे. आज वैताग येतो तो फोन लागत नाही म्हणून, रांग हलत नाही म्हणून, आणि पाच मिनिटांत जातोही. पण या शब्दाच्या पोटात 'त्याग' आहे, वि आणि त्याग. जुन्या मराठीत वैताग म्हणजे त्रासून, विटून घरदार, संसार सोडून जाणं. माणूस 'वैताग घेऊन' निघे. आज जी नुसती चिडचिड उरली आहे, ती एके काळी उंबऱ्याबाहेर पडलेलं पाऊल होती. 'डोक्यात राख घालणे'चंही तेच झालं. ती राख बैराग्याची. रागाच्या भरात माणूस थेट बैरागी होऊन चालू लागे. आज डोक्यात राख घालून लोक दार आपटतात आणि आतल्या खोलीत जाऊन बसतात. शब्द झिजतात ते असे: कृती गळून जाते, तिच्या आधीची भावना तेवढी मागे राहते.

तेव्हा अर्ध उत्तर हे. तुम्हाला जे होतंय ते वैतागच आहे, पण झिजायच्या आधीचा.

अर्धंच म्हणते, कारण वैतागाची वाट ठरलेली होती. घर सोडलं की पुढे मठ, रान, तीर्थ, अंगाला राख. समर्थ रामदासांची कथा आपण सगळे ऐकत आलोय. बोहल्यावर उभे असताना 'सावधान' हा शब्द कानी पडला आणि बारा वर्षांचा नारायण तिथून निघाला. त्या निघण्याला मान मिळाला, कारण ते संसाराच्या पलीकडे जाणं होतं. एक साधा संसार सोडून दुसरा तितकाच साधा संसार मांडायला जाणं, याला जुन्या भाषेत मानाचं नाव नाही. विरक्ती, संन्यास, वानप्रस्थ, सगळे शब्द जगाकडे पाठ करणारे. 'स्मशानवैराग्य' तर परतीच्या वाटेवरच ओसरणारं म्हणून प्रसिद्ध आहे. आणि नव्या सुरुवातीचे शब्द पाहावेत तर ते जागच्या जागी घडतात. साप कात टाकतो, पाटी कोरी करून पुन्हा त्याच पाटीवर लिहितात. एकीकडे जाण्याचे शब्द, दुसरीकडे सुरुवातीचे, आणि तुमची इच्छा नेमकी मधे.

यावर विचार करताना मला आईचं एक वाक्य आठवत राहिलं. वाळलेल्या चादरींच्या घड्या घालताना दोन टोकं ती धरायची, दोन मी. टोकाला टोक जुळवायला आम्ही एकमेकींकडे चालत यायचो. अशीच एकदा माझ्या हातातली टोकं घेता घेता ती म्हणाली, "एकदा निघावंसं वाटतं गं." पुढे काही नाही. रागावलेली नव्हती, रडतही नव्हती. पुढची चादर उचलली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. कुठे, असं विचारायचं मला सुचलं नाही, आणि आता वाटतं, तिच्याकडेही 'कुठे'चं उत्तर नसावं.

ते वाक्य व्याकरणाने उघडून पाहा. 'मी' नाही. कर्ता नाही. 'निघावं' आणि 'असं' एकमेकांत मिसळून 'निघावंसं' झालं आहे, आणि जे काही होतंय ते 'वाटतं', आपोआप, कुणीही न करता. 'मला निघायचंय' मध्ये ठराव आहे, 'मी निघून जाईन' मध्ये धमकी येऊ शकते. 'निघावंसं वाटतं' मध्ये नुसती ओढ आहे. इच्छेसाठी वेगळं नाम घडवायची मराठीला गरज वाटली नाही, कारण क्रियापदाचंच हे रूप तिच्याजवळ होतं. शिवाय हवं तेव्हा याचंच नाम होतं: 'हे निघावंसं वाटणं', 'त्या निघावंसं वाटण्याचं काय करू?'

आणि तिने 'जावंसं' म्हटलं नाही, 'निघावंसं' म्हटलं. मला सापडलेला दुसरा अर्धा भाग हा. 'निघणे' म्हणजे सोडून जाणं, हे खरंच. पण अंकुरही निघतो. विहिरीला पाणी निघतं. गावात नवी शाळा निघते, नवं मासिक निघतं, दुकान निघतं. जे कालपर्यंत नव्हतं ते आज असायला लागलं की मराठीत ते 'निघालं'. जाणं आणि उगवणं या दोन्हींना आपल्या भाषेत एकच क्रियापद आहे. 'पळणे'त हे नाही, 'सोडणे'त नाही, 'जाणे'तही नाही. तुमच्याच वाक्यात 'निघून जावं' आलंय. त्यातलं 'जाणं' काढून टाका. जिथे नाम हवंच असेल तिथे जुन्या अर्थाचा 'वैताग' वापरा, मात्र तो कुठला वैताग हे वाचकाला आधी दाखवा. बाकी सगळीकडे माझं मत विचाराल तर 'निघावंसं वाटतं' एवढंच लिहा, 'कुठे' न लिहिता.