‘आक्रमक’ कुठे लिहावं, कुठे नको

नाशिकच्या एक शिक्षिका एम.एड.च्या प्रबंधासाठी आठवी-नववीच्या मुलांचं ‘अ‍ॅग्रेशन’ मोजणार आहेत. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना आक्रमकता, रागीटपणा की हिंसकपणा, असं त्यांनी विचारलं आहे.

शीर्षकात ‘आक्रमकता’च ठेवा, मानसशास्त्रात तो शब्द रुळलेला आहे. मुलांच्या हातातल्या कागदावर मात्र तो एकदाही नको. कांद्याचे भाव पडले की लासलगावचे शेतकरी ‘आक्रमक’ होतात, फलंदाज ‘आक्रमक’ खेळतो. रोजच्या मराठीत ही बऱ्याचदा शाबासकीच. ‘मी आक्रमक आहे’ या विधानापुढे नववीतला मुलगा छाती फुगवून पाचपैकी पाचावर खूण करील आणि तुमच्या हाती त्याची ऐट लागेल.

मानसशास्त्रज्ञ अर्नॉल्ड बस आणि मार्क पेरी यांची १९९२ ची प्रश्नावली घेणार असाल, तर तीत २९ विधानं आहेत: शारीरिक आक्रमकता ९, शाब्दिक ५, राग ७, वैरभाव ८. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज २९ ते १४५. राग हा चारांपैकी एक भाग, त्यामुळे ‘रागीटपणा’ सगळ्याला पुरत नाही. ‘हिंसकपणा’त मत्सर आणि टोचून बोलणं बसत नाही. चौथ्या भागाला ‘शत्रुत्व’ही म्हणू नका, त्याला समोर ठरावीक शत्रू लागतो. इथे आहे संशय, जळफळाट, ‘माझ्याच वाट्याला असं का’ ही मनातली अढी.

खरी गंमत क्रियापदांत आहे. ‘मी चटकन रागावतो/रागावते’ ही तिरकी रेघ वाचताना अडते, शिवाय रागावणं म्हणजे दटावणंही. ‘मला चटकन राग येतो’ लिहिलं की दोन्ही प्रश्न मिटतात. भूतकाळात ‘मी एखाद्याला मारलं आहे’ मुलामुलींना सारखंच चालतं. पण मधल्या सुट्टीतली ढकलाढकली मुलांच्या लेखी ‘मस्ती’ असते, म्हणून ‘त्याला लागावं म्हणून मारलं’ असा हेतू वाक्यात घाला. नुसतं ‘भांडण’ही टाळा, तोंडाचं की हाताचं, कळत नाही.

दोन विधानं उलटी आहेत, म्हणजे ती ‘खरी’ म्हटली की आक्रमकता कमी दिसते. त्यांतलं एक साधारण असं: कोणाला मारायला योग्य कारण असूच शकत नाही. त्यापुढे ‘असहमत’ हा पर्याय आला की नकारावर नकार चढतो आणि मुलं चुकीच्या टोकाला खूण करतात. पर्याय ‘माझ्या बाबतीत अगदी खरं’ ते ‘अजिबात खरं नाही’ असे ठेवा. या दोन्हींचे गुण ६ मधून वजा करायला विसरलात, तर विश्वसनीयता गुणांक (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) उगाच खाली येतो.

कट्टी घेणं, कान भरणं, ग्रुपमधून काढून टाकणं यांना या प्रश्नावलीत फारशी जागा नाही. त्यामुळे मुलींचे गुण कमी आले तर लगेच ‘मुली शांत’ असा निष्कर्ष नको. हे वर्तन वेगळ्या विधानांनी मोजा, १४५ च्या बेरजेत मिसळू नका.

मराठी मसुदा मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि मूळ इंग्रजीशी ताडून पहा. मग बागलाण-कळवणच्या अहिराणी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांकडून प्रत्येक विधान त्यांच्या शब्दांत वदवून घ्या. शहरातल्या वर्गात सरळ वाटलेलं वाक्य तिथे हमखास अडकतं.

आणि शीर्षकात ‘कौटुंबिक वातावरणाचा आक्रमकतेवर परिणाम’ असेल तर ‘परिणाम’ काढून ‘सहसंबंध’ लिहा. घरातली मारहाण, पालकांची शिस्त, मित्रांची संगत यांचा आक्रमकतेशी संबंध दिसतो. पण एकाच दिवशी एकाच मुलाकडून घराची आणि आक्रमकतेची अशा दोन्ही प्रश्नावल्या भरून घेतल्या की कशामुळे काय झालं ते ठरत नाही. शिवाय चिडलेला मुलगा त्या दिवशी घरालाही कमीच गुण देतो. निदान एक माप वर्गशिक्षकांकडून घ्या.