हिरव्या बसने प्रागला जाऊ का?

प्रश्न : ताई, मुलगा बर्लिनला एमएस करतोय, आम्ही दोघं (मी ५९, हे ६४) मे महिन्यात दीड महिना त्याच्याकडे जातोय. तो म्हणतो फ्लिक्सबसच्या हिरव्या बसने प्राग आणि तिथून व्हिएन्ना करून या, बस स्वस्त आहे, पण माझे क्लास आहेत मला येता येणार नाही. मी जन्मभर एसटीने कोकणात गेलेय पण परका मुलुख, भाषा येत नाही, ह्यांना शुगर आहे आणि सारखं बाथरूमला लागतं. शिवाय तीन देश म्हणजे तीन व्हिसा काढायचे का? माझा जीवच होत नाहीये.
– एक आई, डोंबिवली

उत्तर : काकू, जा. अगदी बिनधास्त जा, पण दिवसाच्या बसने जा. मुलं सांगतात रात्रीची बस घ्या, हॉटेलचे पैसे वाचतात, ते त्यांच्या वयाला ठीक आहे, पण चौसष्टाव्या वर्षी रात्रभर बसून पाय सुजतात आणि दुसरा अख्खा दिवस झोपेत जातो, मग वाचलं काय? बर्लिन ते प्राग साधारण साडेचार-पाच तास, प्राग ते व्हिएन्ना चार-सव्वाचार. म्हणजे शिवनेरीने पुण्याला जाताना घाटात ट्रॅफिक लागलं तर जेवढा वेळ जातो तेवढाच. मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, सकाळची बस घेतलीत तर ड्रेस्डेननंतरचे डोंगर छान दिसतील.

व्हिसा एकच. जर्मनीचा जो शेंगेन (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) व्हिसा मिळेल त्याच्यावरच चेक आणि ऑस्ट्रिया दोन्ही होतं, सध्या २९ देश आहेत त्यात. जास्त दिवस जर्मनीत राहणार म्हणून अर्ज जर्मनीकडेच करायचा, ते बरोबर आहे. फक्त अर्जासोबतच्या कार्यक्रमात प्राग आणि व्हिएन्नाही लिहा, लपवायचं काही कारण नाही. ३० हजार युरोंचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, तो घेताना फक्त जर्मनी नाही तर सगळं शेंगेन कव्हर आहे ना एवढं बघून घ्या.

आता पासपोर्ट. हे मी जरा लांबण लावून सांगते कारण आमच्यावर बेतलंय. शेंगेनमध्ये बॉर्डरवर कोणी विचारत नाही असं सगळे सांगतात आणि बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे, पण जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे जाताना नसली तरी परत बर्लिनला येताना पोलीस बसमध्ये चढू शकतात. गेल्या वर्षी मी मावशीला घेऊन प्रागहून येत होते, ड्रेस्डेनच्या अलीकडे बस बाजूला घेतली, दोन पोलीस चढले, एकेकाचा पासपोर्ट बघत मागे आले आणि मावशी माझ्याकडे बघायला लागली. तिने पासपोर्ट बॅगेत ठेवला होता, आणि बॅग डिकीत. बाहेर पाऊस. ड्रायव्हरने उतरून डिकी उघडली, आमची बॅग सगळ्यात आत, तो एकेक करून लोकांच्या बॅगा ओल्या रस्त्यावर काढून ठेवत होता आणि मी सॉरी सॉरी म्हणत उभी. शेवटी नारायणपेठच्या घडीत, हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी सापडला पासपोर्ट. पोलीस काही बोलला नाही, बघून परत दिला, पण मावशीचा हात बर्लिन येईपर्यंत थरथरत होता, मी धरून बसले होते. तर पासपोर्ट गळ्यातल्या पाउचमध्ये, ओरिजिनल, झेरॉक्स चालत नाही. आणि काकांची औषधं, इन्सुलिन असेल तर ते, प्रिस्क्रिप्शन, थोडा खाऊ, सगळं जवळच्या पिशवीत, डिकीत काहीही नाही.

बाथरूमचं टेन्शन नको, या बसमध्ये आतच टॉयलेट असतं. मात्र अगदी छोटं असतं आणि बस चालू असताना तिथवर जाणं सोपं नाही, म्हणून तिकीट काढतानाच थोडे पैसे जास्त देऊन मधल्या दाराजवळची सीट बुक करा. बस डबलडेकर असेल तर खालचीच घ्या, तो जिना काकांना नको. चार-साडेचार तासांच्या टप्प्यात बस वाटेत थांबेलच असं नाही (तिकडे ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, लांबच्या गाड्या थांबतात त्या त्यासाठी). थांबलीच तर जर्मनीत हायवेवरच्या टॉयलेटला एक युरो लागतो, सुटी नाणी ठेवा, त्याचं कूपन मिळतं ते तिथल्याच दुकानात चालतं, काकांसाठी केळं घ्या.

एसटीच्या सवयीने एक चूक होते. इथे कंडक्टर असतो, डोकी मोजतो, एखादी बाई आली नाही तर थांबा हो म्हणतो आणि मगच डबल बेल देतो. तिकडे कंडक्टरच नाही, ड्रायव्हरच मोबाइलवरचं तिकीट स्कॅन करतो आणि दिलेली वेळ झाली की निघतो. उतरताना किती मिनिटं ते बोटांनी विचारून घ्या, भाषा लागत नाही त्याला. आणि बसच्या नंबर प्लेटचा फोटो काढा, एकाच ठिकाणी चार हिरव्या बस उभ्या असतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात.

फ्लिक्सबसला एक मोठी बॅग आणि एक हातातली धरलेली असते, मोठी २० किलोपर्यंत. विमानातली ती अजस्र बॅग मुलाच्या घरी ठेवा, दोघांत एक मध्यम पुरे. भाडं विमानासारखं, तारीख जवळ आली की चढतं, त्यामुळे दिवस नक्की झाला की लगेच काढा. ही कंपनी म्युनिकची, २०१३ मध्ये जर्मनीने लांब पल्ल्याच्या बस सगळ्यांना खुल्या केल्या तेव्हा तिच्या बस धावायला लागल्या, आता कंपनी भारतातही आलीये. प्राग-व्हिएन्नाला रेजिओजेटच्या पिवळ्या बसही आहेत, दोन्हींचे दर बघा.

थांबा मात्र तिकिटावर वाचून अगदी तिथेच जा, कारण एका शहरात तीन-चार थांबे असतात. बर्लिनचं मुख्य स्टँड म्हणजे झेडओबी, ते शहराच्या पश्चिमेला आहे, अलेक्झांडरप्लाट्झला नाही. प्रागला फ्लोरेन्त्स (Florenc), तिथेच मेट्रो आहे. व्हिएन्नाला एर्डबर्ग, यू-३ मेट्रो. मुलाला निदान पहिल्या दिवशी स्टँडवर सोडायला यायला सांगा, एक क्लास बुडाला तर काही होत नाही.

आणि मुलासाठी पेढे, साजूक तूप नेऊ नका हो. बाहेरून येणाऱ्यांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला युरोपियन युनियनची बंदी आहे, विमानतळावर टाकायला लावतात आणि आपलाच जीव तुटतो. चकली, चिवडा, मेतकूट न्या.

प्रश्न : आम्ही चार मित्र पॅरिस, मग बसने लंडन, मग बसने ॲमस्टरडॅम आणि तिथून मुंबई असं ठरवलंय. यूकेचा व्हिसा आहे, शेंगेन सिंगल एंट्री मिळालाय. चालेल ना?
– वाचक, ठाणे

उत्तर : नाही चालणार, आणि तिकिटं काढली नसतील तर आजच बदला. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. पॅरिसहून लंडनला निघालात की कॅलेला, म्हणजे फ्रान्सच्या बंदरावर, तुमची एंट्री संपली, परत ॲमस्टरडॅमला जायला दुसरी एंट्री हवी. क्रम उलटा करा : मुंबईहून विमानाने लंडन, तिथून बसने पॅरिस, मग ॲमस्टरडॅम आणि घरी. एकच एंट्री पुरते. लंडनला व्हिक्टोरिया कोच स्टेशनवरून बस सुटते, फ्रान्सचे पोलीस समुद्र ओलांडण्याआधीच (बोट असेल तर डोव्हरला), म्हणजे ब्रिटनच्या जमिनीवरच, पासपोर्ट बघतात. बस बोटीत चढली तर दीड तास, सगळ्यांना उतरून वर जावं लागतं, जरूर डेकवर उभे राहा, मागे पांढरे कडे दिसतात. बोगद्यातून गेली तर ३५ मिनिटं, बसमध्येच बसायचं. आणि पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे, पुढचं बुकिंग करताना ते धरा.

प्रश्न : माझी बहीण ब्रसेल्सहून बर्लिनला निघाली होती, बस तीन तास उशिरा आली, स्टँडवर कोणी काही सांगितलं नाही. काही मिळू शकतं का?
– वाचक, गिरगाव

उत्तर : मिळू शकतं, मागायला सांगा. युरोपियन युनियनचा बसप्रवाशांचा कायदा आहे, नंबर १८१, सन २०११. मार्ग २५० किलोमीटर किंवा जास्त असला आणि सुटायलाच १२० मिनिटांहून जास्त उशीर झाला किंवा बस रद्द झाली, तर कंपनीने तिथल्या तिथे विचारायला हवं की पैसे परत हवेत की दुसऱ्या मार्गाने सोडू. हे विचारलंच नाही तर तिकिटाच्या निम्मी भरपाई वर द्यायची. प्रवास तीन तासांपेक्षा लांबचा असेल तर ९० मिनिटांनंतर खाणंपिणंही त्यांच्याकडे. पण बस वेळेवर सुटून वाटेत ट्रॅफिकमुळे उशिरा पोचली तर ही भरपाई नाही, म्हणून तक्रारीत सुटण्याचीच वेळ स्पष्ट लिहा. स्टँडवरच्या बोर्डाचा फोटो असेल तर जोडा. प्रवासाच्या तारखेपासून तीन महिन्यांत कंपनीकडे लेखी तक्रार जायला हवी, तेव्हा बहिणीला आज रात्रीच मेल करायला सांगा.