धुळे लोकसभेच्या बूथनिहाय आकड्यांवरून कोणत्या समाजाने कोणाला मत दिलं हे सांगता येतं का?

नाही, ठामपणे नाही सांगता येत. फॉर्म २० मध्ये, म्हणजे निवडणूक निकालाच्या अधिकृत तक्त्यात, बूथवर कोणाला किती मतं पडली एवढंच असतं, ती कोणी टाकली हे नसतं. समजा, शिंदखेडा तालुक्यातल्या एका बूथवर पाटील, भिल्ल, माळी अशी मिश्र वस्ती आहे आणि मतं निम्मी-निम्मी पडली. प्रत्येक समाज आतून फुटला असेल, किंवा एक समाज पूर्ण इकडे नि दुसरा पूर्ण तिकडे गेला असेल. दोन्ही वेळा आकडा तोच दिसतो! गावागावात 'अमक्यांनी दगा दिला' म्हणून जी भांडणं पेटतात, ती याच चुकीवर. १९५० मध्ये रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की अमेरिकेतल्या ज्या राज्यांत स्थलांतरित जास्त तिथे साक्षरताही जास्त, पण प्रत्यक्ष स्थलांतरित माणसं कमी साक्षर होती. म्हणूनच राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर ज्यात आहेत ती लोकनीती ही निवडणुकांचा अभ्यास करणारी संस्था मतदानानंतर निवडक मतदारांना घरोघरी जाऊन विचारते. मतदार नकली मतपत्रिकेवर खूण करून ती पेटीत टाकतो. पण या निवडक मतदारांचा नमुना राज्यापुरता असतो, त्यातून एकट्या धुळ्याचा हिशेब काढू नका.

अपवाद एकच: वस्ती जवळजवळ एकाच समाजाची असेल तर अंदाज बराच पक्का धरता येतो. २०२४ ला धुळे लोकसभेतल्याच मुस्लिमबहुल मालेगाव मध्य विधानसभा क्षेत्रात काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली आणि धुळ्याची जागा त्या अवघ्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. तिथला कल स्पष्ट आहे, शिंदखेड्याचा तसा नाही.