वाचक विचारतात : डोंगल आहे, पण लावू कुठं?

प्रश्न : खानापुरात माझं छोटं प्रिंटिंग प्रेस आहे, लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं असली कामं. २००१ साली पैसे मोजून मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर घेतलेलं, पीसीच्या मागं डोंगल (किल्लीसारखं काम करणारा छोटा खोका) लावल्याशिवाय ते चालू होत नाही. पावसाळ्यात पीसी गेला आणि नव्याला तसलं पोर्टच नाही. कंपनीचा फोन लागत नाही. एकजण म्हणतोय पाचशे द्या, क्रॅक करून देतो, म्हणजे कुलूप तोडून डोंगलशिवाय चालवून. लग्नसराई तोंडावर आलीय, काय करू सांगा की. – एक प्रेसवाले, खानापूर

उत्तर : पहिलं म्हणजे डोंगल फेकू नका, तुमचं लायसन तेच आहे. प्रोग्रॅम पॅरलल पोर्टावर (जुन्या प्रिंटरची वायर लागायची ती रुंद खाच) एक आकडा पाठवतो, डोंगल त्याचं ठरलेलं उत्तर देतं, उत्तर नाही आलं की बंद. म्हणून दुकानदार यूएसबी टू पॅरलल वायर गळ्यात मारेल ती घेऊ नका, ती प्रिंटरपुरती असते. जुना प्रोग्रॅम थेट ३७८ या पत्त्यावर जाऊन हाक मारतो, त्या वायरीला तो पत्ताच नसतो. त्यापेक्षा मागं पॅरलल पोर्ट असलेला एखादा विंडोज एक्सपीच्या काळातला सेकंडहँड पीसी बघा आणि जुनी हार्ड डिस्क शाबूत असेल तर फायली त्यात घ्या. त्याला नेट मात्र जोडू नका, एक्सपीचे अपडेट २०१४ च्या एप्रिलातच थांबलेत.

क्रॅकचं म्हणाल तर २०१२ साली कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्क मोडायच्या इराद्यानं असलं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तुम्ही पैसे देऊन घेतलंय, तुमचा इरादा वेगळा, आणि विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप कॉपी ठेवायला कलम ५२ आडवं येत नाही, पण मी वकील नाही, आणि अनोळखी माणसाच्या पेन ड्राइव्हमधून काय काय येईल त्याची हमी कोण देणार?

खरं काम पुढंच आहे. त्या जुन्या पीसीवर धंदा करू नका, त्यातला मजकूर तेवढा बाहेर काढा आणि युनिकोडमध्ये आणा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला आकडा. जुन्या फॉन्टात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात आणि ती मांडणी ज्याची त्याची वेगळी, म्हणून कन्व्हर्टर तुमच्याच फॉन्टचा पाहिजे. तरी डोळ्यात तेल घालून तपासा. पत्रिकेतलं पहिलंच 'चि.' घ्या, जुन्या फॉन्टात आधी वेलांटी मग च, युनिकोडात आधी च. 'सर्व' मधला रफार जुन्यात व नंतर, युनिकोडात व च्या आधी. कन्व्हर्टर घसरतो तो इथंच. आणि 'वऱ्हाडी' मधला र बिघडला तर इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट-जे दाबून ऱ घ्या, मग हलंत, मग ह.

पुढं एकरंगी हँडबिलाला इंकस्केप हा प्रोग्रॅम पुरे. चाररंगी पत्रिकेला स्क्रायबस घ्या, ते सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) पीडीएफ नीट देतं, फक्त १.६ घ्या, जुन्या १.४ मध्ये आपली जोडाक्षरं तुटायची. दोन्ही ओपन सोर्स, पैसे नाहीत, डोंगल नाही. आपल्याकडं अर्ध्या पत्रिका एका बाजूला मराठी एका बाजूला कन्नड, त्याला बलू फॉन्ट झकास. मराठीला बलू, कन्नडला बलू तम्मा (तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे तुम्हाला मी काय सांगायचं!), दोन्ही एकाच वळणाचे आणि फुकट.

प्रश्न : भावानं अमेरिकेतून पाठवलेली डीव्हीडी आमच्या प्लेयरवर लागत नाही. खराब निघाली काय? – एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : खराब नाही गं, कुलूप आहे. डीव्हीडीसाठी जगाचे रीजन म्हणजे विभाग पाडलेत, अमेरिकेचा रीजन १, आपला ५. आतला मजकूरही ४० बिटच्या किल्लीनं बंद असतो, नॉर्वेतल्या एका पोरानं १९९९ मध्ये तो उघडणारा प्रोग्रॅम जगापुढं आणला, त्याच्यावर खटला चालला आणि २००३ मध्ये तो सुटला. तू पीसीवर व्हीएलसी या प्रोग्रॅममध्ये लावून बघ, बरेचदा लागते. पीसी रीजन बदलू का विचारेल तेव्हा घाईनं ओके दाबू नको, ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, शेवटचा तसाच कायम राहतो.