वाचकांचे प्रश्न : फ्लाय फिशिंग, कृष्णाकाठापासून खाडीपर्यंत

सातारा-सांगली भागातून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अडचणीची अनेक पत्रे होती, ती एकत्र केली आहेत. इथे 'माशी' म्हणजे पिसे, केस किंवा फोम गळावर बांधून केलेले खोटे आमिष.

8 नंबरची काठी घ्यायचा विचार आहे. धोमच्या जलाशयापासून रत्नागिरीच्या खाडीपर्यंत एकाच काठीवर भागेल का? आणि वजनच नसलेली माशी एवढ्या लांब जाते कशी? (वाई)

साध्या गळात शिसे फेकले जाते आणि दोरा त्याच्यामागून जातो. इथे फेकायची ती लाइन, म्हणजे आवरण असलेली जाड, वजनदार दोरी. माशी फक्त तिच्या टोकाला बांधलेली असते. म्हणून काठीवरचा नंबर हा लाइनच्या वजनाचा नंबर. 5 नंबरच्या लाइनच्या पहिल्या 30 फुटांचे वजन साधारण 9 ग्रॅम भरते, 8 नंबरचे साडेतेरा ग्रॅम. काठी त्या वजनानेच वाकते आणि सरळ होताना लाइन भिरकावते. 8 च्या काठीवर 5 ची लाइन चढवलीत तर काठी वाकणारच नाही आणि दोष तुम्ही हाताला द्याल.

भागेल का, तर भागेल. पण धोमला मजा येणार नाही. तिथे हाती लागणार ती मुख्यतः चिलापी आणि सिप्रिनस (कॉमन कार्प). पाव किलोची चिलापी 8 च्या काठीला जाणवतसुद्धा नाही. आमचे मत : आधी 9 फुटी, 6 नंबरची काठी घ्या आणि खाडीसाठी 8 ची नंतर. पाण्यावर तरंगणारी, पुढचा भाग जाड असलेली लाइन घ्या. लाइनच्या खोक्यावर ती उष्ण हवामानासाठी आहे असे लिहिलेले बघून घ्या. थंड देशांसाठी बनवलेल्या लाइनचे आवरण आपल्या एप्रिलच्या उन्हात मऊ आणि चिकट होते, काठीच्या कड्यांतून सरकत नाही. 'लाइन खराब निघाली' या तक्रारींमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

रिळावर आधी 20 पौंडी डेक्रॉनचे 100 मीटर बॅकिंग (मासा लांब पळाला तर लागणारा राखीव दोरा), त्यावर लाइन, लाइनला 9 फुटांचा निमुळता लीडर (लाइन आणि माशी जोडणारा पारदर्शक दोरा), आणि लीडरला दोन फूट टिपेट, म्हणजे माशी बांधायचा शेवटचा बारीक तुकडा. टिपेटच्या X चा आकडा वाढला की जाडी कमी होते : 0X म्हणजे 0.28 मिलिमीटर, 4X म्हणजे 0.18. गळाच्या नंबराला तिनाने भागा, येईल तो X वापरा. 12 नंबरच्या गळाला 4X. गळाचेही तसेच, नंबर मोठा तर गळ लहान. प्रत्येक गाठ थुंकीने ओली करून मगच आवळायची. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होते.

मागे फेकताना चाबकासारखा आवाज येतो आणि पुढे पाहावे तर माशी गायब. शिवाय लीडरला आपोआप गाठी बसतात. (कराड)

दोन वेगळे रोग आहेत. चाबकाचा आवाज म्हणजे घाई. मागे गेलेली लाइन पूर्ण उलगडण्याआधीच तुम्ही हात पुढे आणता, लीडरचे टोक झटक्यात वळते आणि माशी तुटते. घड्याळाची कल्पना करा : काठी 1 वाजता थांबवा, मान वळवून मागे बघा, लाइन सरळ झाली की पुढे आणा आणि 10 वाजता पुन्हा थांबवा. जेवढी लाइन बाहेर जास्त, तेवढे मागचे थांबणे लांबते. हे लक्षात न आल्याने 30 फुटांवर छान फेकणारा माणूस 45 फुटांवर गडबडतो.

गाठींचा दोष लोक वाऱ्यावर टाकतात. वारा बहुधा निर्दोष असतो. पुढच्या फेकीत सुरुवातीलाच सगळा जोर लावला की काठीचे टोक खाली बुडते, लाइनचा वरचा पदर खालच्या पदराला छेदतो आणि गाठ बसते. जोर हळूहळू वाढवत न्या आणि शेवटी एकदम थांबा. माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून गवतावर सराव केलात तर नदीवर वेळ वाया जाणार नाही.

कृष्णाकाठी पाठीमागे ऊस किंवा बाभळी असतात, तिथे मागे फेकायला जागाच नसते. तिथे रोल कास्ट : लाइन पाण्यावर असतानाच काठी सावकाश कानामागे आणा, लाइनची झोळी खांद्यामागे लोंबू द्या, क्षणभर थांबा आणि पुढे ठोका. पाण्याने लाइन धरून ठेवलेली असते, त्याच ओढीने काठी वाकते. म्हणूनच ही फेक गवतावर जमत नाही. जमली नाही म्हणून नाउमेद होऊ नका.

घाटावर चुरमुरे टाकले की मासे उड्या घेतात. माझ्या माशीकडे मात्र ढुंकून बघत नाहीत. (मिरज)

पहिल्यांदा हे : देवळाच्या घाटावर गळ टाकू नका. लोक तिथल्या माशांना श्रद्धेने खाऊ घालतात. पण घाटाच्या खाली वाहत आलेले चुरमुरे खायला शिकलेले मासे दूरवर पसरलेले असतात. पांढऱ्या फोमचा चुरमुऱ्याएवढा तुकडा 10 नंबरच्या गळावर बांधा आणि प्रवाहाबरोबर सोडा. माशी ओढली जाता कामा नये. लाइनला प्रवाहाचा बाक बसला की माशी मागे रेघ ओढत जाते आणि मासे तोंड फिरवतात. बाक दिसला की काठीच्या टोकाने लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकत राहा.

सिप्रिनसचे तंत्र निराळे. तो तळ उकरत चरतो. उथळ पाण्यात गढूळ डाग आणि बारीक बुडबुड्यांची रांग दिसली की तिथे तो आहे. बुडबुडे कुठल्या दिशेने सरकतात ते बघा आणि माशी त्यांच्या फूटभर पुढे, जरा पलीकडे टाका. थेट डोक्यावर पडली तर गेलाच. तपकिरी, वजनदार, 8 नंबरच्या गळावरची अळीसारखी माशी तळाला बसू द्या, मासा जवळ आला की दोन इंच ओढा आणि थांबा. सिप्रिनस माशी तोंडात शोषतो आणि नको वाटली तर लगेच थुंकतो. झटका हाताला लागेपर्यंत वाट पाहिलीत तर उशीर झाला. लीडर किंचित थांबला किंवा बाजूला सरकला की काठी उचला.

आणि मगरी. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. परदेशी व्हिडिओत लोक कंबरभर पाण्यात उभे राहून फेकतात. इथे पाण्यात पाय घालायचा नाही. चिखलाच्या सखल काठावर उकिडवे बसू नका, दरड उंच असेल तिथून फेका, मासा लांब दांड्याच्या जाळीने काढा आणि अंधार पडायच्या आत काठ सोडा.

गावतळ्यात मरळ आहे. बेडकासारख्या पॉपरवर (पाण्यावर तरंगत आवाज करणाऱ्या माशीवर) झडप घालते, पण अडकत नाही. (विटा)

तुम्ही पाण्याचा भडका पाहून काठी उचलता. मरळ झडप घालते तेव्हा पॉपर तोंडात नीट गेलेला नसतो. 'एक' म्हणा, लाइनला वजन लागू द्या, मग काठीचे टोक खाली ठेवून डाव्या हाताने लाइन जोरात ओढा. तोंड हाडाचे, गळ बारीक पण दणकट हवा आणि धार रोज तपासायला हवी : नखावर टेकवला तर घसरला नाही पाहिजे. दात आहेत, म्हणून शेवटचा फूटभर 30 पौंडी जाड नायलॉनचा. त्याच नायलॉनचा एक वळसा गळाच्या टोकापुढे बांधला की माशी पाणवनस्पतीत गुंतत नाही.

मरळ हवा घ्यायला वर येते. एका जागी आली की थोड्या वेळाने आसपास पुन्हा येते, म्हणून जागा लक्षात ठेवा. पावसाळ्यात तांबड्या पिल्लांचा थवा वर उकळताना दिसला तर खाली नर-मादी राखणीला असतात आणि काहीही फेकले तरी हल्ला करतात. ती जोडी उचलली की बाकीचे मासे तो थवा फस्त करतात. सोडून द्या.

कोयनेत महसीर कुठे मिळेल? कुठली माशी? (पाटण)

शिवसागरचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, बराचसा काठ कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे आणि चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात गळ टाकणे गुन्हा आहे. बाहेरच्या बहुतेक तलाव-धरणांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. त्यांची परवानगी घ्या आणि नियम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

दख्खनचा महसीर शिंपल्या-गोगलगाई, किडे आणि झाडावरून पडणारी फळेही खातो. उंबर नदीवर झुकलेला असेल आणि फळे टपटपत असतील तर खाली बघा. लालसर-हिरव्या फोमचा सुपारीएवढा गोळा, 6 नंबरचा जाड तारेचा गळ. ही एकच माशी अशी, जी हलकेच उतरवायची नसते : 'टप्' असा आवाज झाला पाहिजे, मग काही न करता वाहू द्यायची. बारीक तारेचा गळ वापरू नका, महसिराच्या जबड्यात तो सरळ होऊन येतो. पहिली धाव फार लांब असते. 8 नंबरची काठी, 150 मीटर बॅकिंग आणि रिळाला न अडखळता सुटणारा ब्रेक हवा. लाइन मुठीत धरून त्याला थांबवायला जाल तर टिपेट तरी तुटेल नाहीतर बोट तरी कापेल. पकडलेला महसीर परत सोडायचा, याला आमच्या लेखी अपवाद नाही.

महाबळेश्वरच्या थंडीत ट्राउट सोडता येणार नाही का? (महाबळेश्वर)

नाही. ट्राउटला बाराही महिने गार पाणी लागते. 20 अंशांच्या वर तो हैराण होतो. आपल्याकडे उन्हाळा त्याला मारेल. ट्राउटच हवा तर काश्मीर, हिमाचलची तीर्थन नदी किंवा निलगिरी.

रत्नागिरीच्या खाडीत जिताड्यासाठी कधी जावे? आणि क्लाउझर माशी (डंबेलसारखे जड डोळे असलेली) घरी बांधायची आहे, पिसे-केस कुठले वापरू? (सांगली)

वेळ आधी. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा. द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. हा अंदाज आहे, बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या. जिताडा ओसरत्या पाण्यावर शिकार करतो : कांदळवनातले पाणी चऱ्यांतून बाहेर पडते, त्याबरोबर कोळंबी आणि लहान मासे येतात आणि तो चरीच्या तोंडाशी टपून बसतो. म्हणून द्वितीया-तृतीया धरा. रात्री दीड-सव्वादोनला भरती, पावणेआठ-साडेआठला ओहोटी, म्हणजे पहाटेचा सगळा वेळ पाणी उतरते आहे आणि उधाणाचा जोरही टिकून आहे. अष्टमीच्या आसपास भांगेचे (कमी चढ-उताराच्या भरतीचे) पाणी मंद, तेव्हा आंबा घाट उतरू नका. सकाळी वाराही जमिनीकडून, पाठीवरून असतो. दुपारी तोच समुद्रावरून तोंडावर येतो आणि वजनदार माशी कानाशी घोंगावते.

जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. 20 पौंडी लीडरला पुढे दोन फूट 40 पौंडी फ्लुरोकार्बन जोडलेच पाहिजे. घास लागला की काठी उचलायची नाही. काठी पाण्याकडे रोखून हाताने लाइन ओढायची. चुकली तरी माशी त्याच्यासमोरच राहते आणि तो पुन्हा येतो. काठी उचललीत तर माशी हवेत.

आता क्लाउझर. 1/0 चा (1 नंबरहून एक माप मोठा) स्टेनलेस गळ, दणकट दोरा. शिशाची किंवा पितळेची डंबेलसारखी डोळ्यांची जोडी गळाच्या नेढ्यापासून दांडीच्या एक तृतीयांशावर ठेवा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे तिरपे टाकत घट्ट करा. डोळे हलत असतील तर वेढ्यांखाली सुपरग्लूचा एक थेंब. डोळ्यांच्या बाजूने पांढरे केस बांधा : आधी डोळ्यांपुढे, मग मागे, लांबी दांडीच्या दुप्पट. आता गळ उलटा करा. डोळ्यांच्या वजनाने पाण्यात तो असाच, टोक वर करून चालणार आहे. चमकीच्या सहा-आठ तारा, त्यावर पोपटी केस, डोळ्यांपुढेच बांधून टाका. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे डोळे नेढ्याला चिकटवणे. मग केस बांधायला जागा उरत नाही आणि दोरा नेढ्यावरून घसरतो. दुसरी चूक भरमसाट केस. उजेडाकडे धरल्यावर पलीकडचे दिसले पाहिजे, नाहीतर माशी बुडत नाही.

मूळ कृतीत हरणाच्या शेपटीचे केस असतात. आपल्याकडे चितळ-सांबराचे केस बाळगणे वन्यजीव कायद्यात येते. बोकडाचे लांब केस किंवा कृत्रिम धागा उत्तम चालतो. रानकोंबड्याच्या मानेची पिसे परदेशात माशा बांधणाऱ्यांना फार प्रिय, पण पक्षी संरक्षित आहे. गावठी कोंबड्याची घ्या. मोराचे गळून पडलेले पीस चालते.

खाडीवरून आल्यावर नुसते रीळ धुऊन भागत नाही. मीठ बॅकिंगमध्ये, लाइनच्या खाली साचते आणि रीळ आतून खाते. लाइन पूर्ण उतरवा, बादलीत गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवा, सावलीत वाळवा. ब्रेक सैल करून ठेवा.

सोडलेले मासे उलटे तरंगताना दिसतात. (फलटण)

उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि दमलेला मासा सावरत नाही. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका म्हणजे तो क्षणात निघतो. हात ओले करा, मासा पाण्याबाहेर दहा सेकंदांहून जास्त नको, काठावर आपटू देऊ नका. प्रवाहाकडे तोंड करून शेपटीपाशी हलके धरा. स्वतः जोर करून निसटेपर्यंत सोडायचा नाही. बारीक टिपेटवर अर्धा तास खेळवत बसणे हेही मारणेच, जाड टिपेटने लवकर आणा. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी पाणी हाताला कोमट लागत असेल तर पहाटेच गळ टाका, ऊन चढले की बंद.