हळद लाल झाली, तिथे साबण पोचला

प्रश्न : बाई, नमस्कार. देवगड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. खिचडीआधी हात धुवा म्हणून रोज घसा कोरडा करावा लागतो. मुलं बोटांची टोकं पाण्याखाली धरतात नि पळतात. भिंतीवर चित्रं लावली, गाणं बसवलं. गाणं तोंडपाठ झालं, हात तसेच. साबण ठेवावा तर कावळा पळवतो. मार्च उजाडला की विहीर तळाला जाते, ते वेगळंच. खेळातून काही करता येईल का?
– एक शिक्षिका, देवगड तालुका

उत्तर : गाणं पाठ होऊन हात तसेच राहिले, याचं वाईट वाटून घेऊ नका. सहा वर्षांच्या पोराला आपले हात स्वच्छच दिसत असतात. चिखल लागला तर ते न सांगता धुतं. जे दिसतच नाही त्यासाठी भूक लागलेली असताना का थांबायचं, हे त्याला पटत नाही. तेव्हा आधी ते दाखवायला हवं.

मी वर्गात हळद वापरायचे. चमचाभर हळद खोबरेल तेलात कालवा आणि प्रत्येकाच्या तळहातावर थोडी थोडी द्या. दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांत, नखांपाशी नीट चोळायला लावा. मग नुसत्या पाण्याने धुवायला सांगा. पाणी थेंब थेंब होऊन ओघळून जातं आणि पिवळेपणा जागचा हलत नाही. इथे घाई करू नका. एकमेकांचे हात बघू द्या, वास घेऊ द्या. त्यानंतर ओल्या हातावर साबणाची वडी. साबण क्षारधर्मी असतो, त्यामुळे तो लागला की हळद लाल होते. वर्गात एकच गलका उडतो! साबण पोचला तिथे लाल, नाही पोचला तिथे पिवळं. बहुतेकांचे अंगठे, नखांच्या कडा आणि हाताची मागची बाजू पिवळीच राहिलेली असते. ती जागा मूल स्वतः शोधतं, शेजाऱ्याचीही शोधून देतं. तुम्हाला बोलावंच लागत नाही.

साबण वडीचाच घ्या. बाटलीतले काही हँडवॉश क्षारधर्मी नसतात, त्यांनी रंग पालटत नाही आणि मुलं हिरमुसतात. हातावर फिकट डाग राहतो, म्हणून पालकांना आधी निरोप द्या आणि बाह्या वर करून घ्या. पूर्वी कुंकू हळदीपासून कसं करत, हे घरी आजीला विचारून यायला सांगा. त्यात साबणासारखाच क्षारधर्मी चुना असायचा, हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गाला गप्पांचा विषय मिळतो.

साबणच कशाला, असं एखादं मूल विचारेलच. त्याला फणसाचा चीक आठवायला सांगा. नुसत्या पाण्याने तो जातो का? तेल लावावं लागतं. हातावरचा तेलकट मळही नुसत्या पाण्याला दाद देत नाही आणि जंतू त्याला धरून बसतात. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, म्हणून मळ सुटून वाहून जातो. पहिलीच्या मुलाला एवढं बास.

पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचं बोट बुडवायचं, पूड बाजूला पळते, हा प्रयोग हल्ली सगळीकडे करतात. मला तो पटत नाही. तिथे पाण्याचा पृष्ठताण बदलतो म्हणून पूड सरकते. मुलं मात्र ‘साबण बघून जंतू पळतात’ असं मनात धरून बसतात, मग नुसतं बोट टेकवलं की झालं! मुद्दा चोळण्याचा आहे.

तो मुद्दा पक्का करायला तुमच्याकडे संकासुर आहे, दशावताराच्या खेळातला काळा राक्षस. दशावतार बघितला नाही असं पोर तुमच्या वाडीत शोधून सापडायचं नाही. दहा मुलं दहा बोटं होऊन दोन रांगांत उभी करा, अंगठे जरा लांब. काळं फडकं पांघरलेला एक संकासुर, तो बोटांच्या मध्ये लपणार. उरलेली मुलं साबण. हात धरून त्यांनी प्रत्येक बेचक्यातून जायचं आणि ‘कोण लपलो हा?’ असं ओरडायचं. अंगठा विसरला की संकासुर तिथे जीभ काढून नाचणार. हे काम वर्गातल्या सर्वांत दंगेखोर मुलाला द्या.

चोळायचं किमान २० सेकंद. बेचा पाढा सावकाश म्हटला की तेवढा वेळ होतो. पण पाढ्यांची धास्ती असलेल्या मुलाला तो लावू नका, नाहीतर त्याला हात धुण्याचीही धास्ती बसेल. त्याला वाडीतल्या घरांची नावं ओळीने म्हणू द्या.

आता कावळा आणि विहीर. साबणाचे तुकडे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट टांगा. कावळ्याला नेता येत नाही आणि साबणही गळत नाही. पाण्यासाठी तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन घ्या, तोंडाजवळ तापल्या खिळ्याने भोक पाडा, बांबूच्या आडव्या दांडीला टांगा आणि दोरी बांधून खाली पायाने दाबायची काठी जोडा. पाय दाबला की कॅन कलून बारीक धार येते, सोडला की बंद. चोळताना पाणी वाया जात नाही, धुतलेल्या हाताने पुन्हा नळही धरावा लागत नाही. खालचं पाणी माडाच्या आळ्यात सोडा.

हे सगळं वर्ग आणि खिचडीच्या पंगतीच्या मधल्या वाटेवरच हवं. खेळाने मुलाला कळतं, पण रोजची सवय लागते ती वाटेतच साबण-पाणी आडवं आलं तर. पाणी शाळेमागे असेल तर मूल जाणार नाही, मी सांगते. संडासापाशी असाच दुसरा कॅन टांगा. १५ ऑक्टोबरच्या हात धुवा दिनापर्यंत थांबू नका. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात सुरू करा, कारण जुलाब पावसाळ्यात सुरू होतात.

प्रश्न : शाळेतून आल्यावर नातवाच्या हाताला आम्ही सॅनिटायझर लावतो. तो दिवसभर अंगणातल्या मातीत आणि आमच्याबरोबर मासळीत असतो. एवढं पुरेल ना?
– एक आजोबा, गुहागर

उत्तर : नाही, आजोबा. हात मातीने किंवा मासळीने माखलेला असेल तर सॅनिटायझर नीट काम करत नाही, आणि मातीतून येणारी जंतांची अंडी त्याने मरत नाहीत. शाळेत जंतनाशक गोळी मिळाली तरी नखांतल्या मातीतून जंत पुन्हा पोटात जातात. साबण-पाणीच हवं. नखं दर आठवड्याला कापा, आणि आधी तुमचे हात त्याच्यासमोर धुवा. सॅनिटायझर एसटीच्या प्रवासासाठी पिशवीत राहू दे.