हिडकलच्या काठावर मेखा टिकेनात, त्यावर माझं उत्तर

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या काठाला तंबू लावला, रात्री वारं सुटलं, आठातल्या पाच मेखा उपटल्या आणि उरलेली रात्र गाडीत बसून काढली, आणि आता जाड स्टीलच्या मेखा घेऊ का म्हणून विचारताय. जाड नको, रुंद आणि लांब घ्या. उत्तर एवढंच, बाकी वेळ असेल तर वाचा, जरा लांबलंय.

तंबूच्या पिशवीत ज्या हुकवाल्या तारेच्या मेखा येतात त्या बागेतल्या हिरवळीपुरत्याच. भुसभुशीत जमिनीत मेखेला धरून ठेवते ती तिच्या पुढची माती, आणि बारीक तार त्या मातीतनं सुरी फिरवल्यासारखी कापत येते, मग ती स्टीलची असो नाहीतर सोन्याची. पट्टी रुंद असली की जास्त माती अडते, खोल गेली की खालची दाबलेली माती मिळते. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं आणि जो काठ उघडा पडतो तो वरनं वाळून कडक दिसतो, पण खाली नुसता गाळ आणि वाळू, तुम्ही तिथंच फसलाय. माझी एक साधी परीक्षा आहे, जी मेख बुटानं दाबून आत जाते ती दोन बोटांनी वर येते. ठोकताना धप्प धप्प आवाज यायला लागला की समजायचं ही रात्र काढत नाही.

पाठीवर ओझं घेऊन चालणार असाल तर तीन पात्यांच्या ॲल्युमिनियमच्या मेखा घ्या, एमएसआर कंपनीची ग्राउंडहॉग नावाची मेख साडेसात इंचाची येते, वजन नगण्य, साध्या मातीत मस्त. पण काठावरच्या वाळूत साडेसात इंच कमी पडतात, तिथं बारा इंचाची व्ही आकाराची बघा. तुम्ही गाडीनं जाताय तर माझं ऐका, बेळगावात उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं जावा आणि २५ मिमीचा, ३ मिमी जाडीचा लोखंडी अँगल (एल आकाराची पट्टी) फूटफूट कापून घ्या, एका टोकाला तिरका छाट आणि वरच्या टोकाला रिंग वेल्डिंग करून. एक तुकडा साधारण ३३५ ग्रॅम, आठांचे पावणेतीन किलो होतात, डिकीत टाकायला काय जातंय. फक्त कडा घासून घ्यायला विसरू नका. मी पहिल्यांदा तसेच आणले, पहाटे दोनला दोरी सटकन तुटली, बॅटरी मारून बघतोय तर मेख जागच्या जागी घट्ट आणि दोरी तेवढी अँगलच्या धारेवर कापलेली.

आता मारायचं कसं. मेखेचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं पाहिजे, दोरी आणि मेख काटकोनात आली पाहिजेत आणि दोरी जमिनीलगत रिंगेतच बांधायची, वर चार बोटं सोडून बांधली तर मेख तरफेसारखी उलटते. दोरी लांब सोडा, मेख तंबूला चिकटून मारली की वारं तिला वर उपसतं, लांब मारली की ओढ आडवी पडते. खुंटा हलवून बळकट करायची म्हण आहे आपल्यात, पण तंबूच्या मेखेला ती लावू नका, हलवलं की भोक मोठं होतं आणि मग कितीबी ठोका, ती बसत नाही, दुसरी जागाच बघायची.

वारं जास्त असेल तर एका मेखेच्या मागं फूटभरावर त्याच रेषेत दुसरी मारा आणि पहिलीचं डोकं दुसरीच्या बुडाशी बांधा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळं संध्याकाळी जे भक्कम वाटतं त्यावर जाऊ नका.

आणि नुसतीच वाळू असेल तर मेख विसरा. खताची रिकामी पिशवी घ्या, निम्मी वाळूनं भरा, तोंडाला दोरी आवळा, हातभर खड्ड्यात आडवी पुरा आणि वरनं तुडवून घ्या. दोरी बाहेर येते तिथं खड्ड्यापासून तंबूकडं एक अरुंद तिरकी चर पाडायची, नाहीतर दोरी खड्ड्याच्या काठावर चढते आणि पिशवीला वर उचलते. सगळी मेहनत या चरीत आहे आणि नेमकी तीच लोक पाडत नाहीत. आमच्यातल्या एकानं तर पिशवी पुरल्यावर त्यावर उभं राहून फोटो काढला, चर नाही, अर्ध्या तासात पिशवी बाहेर.

देवरवाडीच्या वैजनाथच्या डोंगरावर किंवा जांबोटी, कणकुंबीकडं गेलात तर हे सगळं उलटं. वर दोन-तीन इंच माती, खाली जांभा दगड. ॲल्युमिनियम वाकतं, अँगल शिरत नाही, तिथं ८ मिमी सळीचे तुकडे आणि हातोडा, किंवा सरळ मोठा दगड. (भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नका, हे वेगळं सांगायला नको.) सौंदत्ती, बैलहोंगलकडची काळी जमीन भेगाळलेली असेल तर भेगेत मेख मारू नका, एवढंच.

एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर वळवाचं वारं कुठनं येईल याचा नेम नाही, त्यामुळं चारी बाजूंनी दोऱ्या ताणा, फक्त पश्चिमेचा विचार करून भागत नाही. नायलॉनची दोरी ओली झाली की सैल पडते, झोपायच्या आधी एक फेरी मारून ताणून घ्या.

अँगल करून आणलात तर डोक्याला भडक लाल ऑइलपेंट लावा. माझे दोन तुकडे अजून त्या काठावर कुठंतरी आहेत.